एच टू एस बाटली काळी झाली, आता पुढे काय? कचरा डेपोखालच्या गावातून एक रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाण्यात विष्ठेचे जंतू आहेत का ते घरच्या घरी तपासायच्या एच टू एस बाटलीला पाचपैकी तीन. गावच्या टाकीला, शाळेच्या नळाला, हापशाला वापरणार असाल तर साडेचार देईन आणि डोळे झाकून घ्या म्हणेन. पण ज्यांच्या वरच्या अंगाला कचरा डेपो आहे आणि त्याचं काळं पाणी ओढ्यात उतरतं अशा लोकांनी हा रिव्ह्यू पूर्ण वाचा मगच पैसे घाला, कारण अशा पाण्यात ही बाटली खरं बोलते पण अर्धंच बोलते, आणि राहिलेलं अर्धं कुठून काढायचं ते बॉक्सवरच्या कागदात कुठेच लिहिलेलं नसतं.

मी कोण तर गावात पाणी तपासायला ज्या पाच बायकांना ट्रेनिंग देतात ना, जल जीवन मिशनमध्ये, त्यातली एक. त्यामुळे सरकारी किटमधली बाटली पण वापरली, दुकानातून विकत आणलेल्या पण वापरल्या, ऑनलाइन मागवलेल्या पण. कंपनीचं नाव टाकत नाहीये, एक तर सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच आहे आणि दुसरं म्हणजे मला कुणाची जाहिरात करायची नाही. गावाचं नाव पण नाही टाकणार, आमच्याकडे अजून दोन लग्नं व्हायची आहेत आणि "त्या डेपोवालं गाव का" असं म्हणून बघायला आलेले पाहुणे चहा न पिता उठून गेलेत हे मी बघितलंय. हसू नका, खरं आहे.

तर वस्तू काय आहे. बोटभर उंचीची छोटी बाटली, आत औषध लावलेली कागदाची पिवळट पट्टी, बाहेरून २० मिलीची रेघ. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, उबेला ठेवून द्यायची आणि २४ ते ४८ तास वाट बघायची. पाणी काळं झालं तर दूषित, नाही झालं तर तूर्तास ठीक. बस एवढंच, ना मशीन ना लाइट ना शिकलेला माणूस. आणि ही काय बाहेरून आलेली गोष्ट नाही बरं का, ग्वाल्हेरच्या आपल्या संरक्षण संशोधन लॅबमधल्या मंजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ साली ही पद्धत जगापुढे मांडली आणि आज किती देशांत गावखेड्यात हीच वापरतात. मला तर याचा अभिमानच वाटतो, पण अभिमान वेगळा आणि रिव्ह्यू वेगळा.

आत होतं काय ते समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. त्या पट्टीत जंतूंचं खाद्य असतं, सोबत थायोसल्फेट म्हणजे गंधक असलेलं एक मीठ आणि लोहाचं एक मीठ. माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातून आलेल्या जंतूंमधले काही जंतू, साल्मोनेला, सिट्रोबॅक्टर, प्रोटिअस वगैरे, हे त्या गंधकातून हायड्रोजन सल्फाइड म्हणजेच एच टू एस वायू बनवतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास, आणि तो वायू लोहाला भेटला की काळा आयर्न सल्फाइड होतो. म्हणजे बाटली जंतू मोजत नाही, जंतूंनी सोडलेल्या वायूचा रंग दाखवते. गंमत म्हणजे आतड्यातल्या ज्या ई कोलाय जंतूच्या नावाने सगळे घाबरतात तो स्वतः सहसा हा वायू बनवतच नाही, त्याच्याबरोबर विष्ठेतून येणारी बाकीची मंडळी बनवतात आणि त्यांच्यावरून आपण अंदाज बांधतो. ट्रेनिंगला हे कुणी सांगितलं नव्हतं, तिथे फक्त काळी म्हणजे खराब एवढंच शिकवलं, आणि खरं सांगायचं तर साध्या विहिरीला तेवढं पुरतं पण.

आमच्या आडाचं पाणी घेतलं तेव्हा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. संध्याकाळी भरली, देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवली कारण तिथे दिव्याची ऊब असते. सकाळी बघितलं तर पाणी नुसतं फिकट पिवळं, दुपारी पट्टीच्या कडेला राखाडी झाक, मग पट्टीपासून खाली काळं उतरायला लागलं आणि रात्री जेवणं होईपर्यंत बाटली पूर्ण काळी, झाकणाजवळ नाक नेलं तरी वास. सासूबाई म्हणाल्या आधी तो प्रकार देवापासून उचल. उचलला. पण मुद्दा असा की काळं व्हायला जवळजवळ एक अख्खा दिवस लागला, आणि हा वेळ लक्षात ठेवा.

कारण डेपोच्या खाली ओढ्यातून जी बाटली भरली ती माझा चहा संपायच्या आत काळी. अक्षरशः तेवढ्यात. बरोबरच्या बायका म्हणाल्या बाई बाई केवढे जंतू असतील, आणि मी पण तेच म्हटलं असतं, पण जंतू काहीही झालं तरी वाढायला तास घेतात, त्यांना चहाएवढ्या वेळात काळं करता येत नाही. म्हणजे ओढ्याच्या पाण्यात सल्फाइड आधीपासूनच विरघळलेलं होतं, ते बाटलीतल्या लोहाला भेटलं आणि काळं झालं. जंतू असतीलही नसतीलही, त्या बाटलीवरून काहीच सांगता येत नाही. डेपोच्या ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथे सल्फेटवर जगणारे वेगळेच जंतू असतात ज्यांचा विष्ठेशी काही संबंध नाही, आणि त्यांना सल्फेट पुरवायला आपला राडारोडा आहेच, फॉल्स सीलिंगच्या जिप्समच्या पाट्या, पीओपीचे तुकडे. ते सगळं कुजून जे पाणी झिरपतं ते मुळातच सडक्या अंड्याच्या वासाचं. त्या पाण्याला एच टू एस टेस्ट लावणं म्हणजे मिरचीच्या गिरणीत बसून कुणाला सर्दी झालीये ते शिंकांवरून ओळखण्यासारखं आहे.

म्हणून एक स्टार इथे कापला. कंपनीने बॉक्सवर एक ओळ टाकायला काय हरकत होती, की तासाभरात काळी झाली तर निकाल धरू नका, लॅबला द्या. एकाही बॉक्सवर नाही.

मग ओढ्याला ही बाटली वापरायचीच नाही का? वापरायची, पण एकच बाटली भरून नाही. आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. ओढा डेपोपर्यंत यायच्या आधी वरच्या अंगाला एक बाटली, डेपोच्या चरातून काळं पाणी जिथे ओढ्याला मिळतं तिथे एक, तिथून खाली पाणी नीट मिसळल्यावर एक, आणि ओढ्याकाठच्या विहिरीतून एक. सगळ्या एकाच दिवशी, एकाच वेळेला. पाणी वाहत्या धारेतून घ्यायचं, गाळ ढवळायचा नाही कारण ओढ्याच्या तळातल्या काळ्या गाळात तेच सल्फेटवाले जंतू बसलेले असतात, चिमूटभर गाळ आत गेला की निकाल बोंबलला. आणि प्रत्येक बाटली काळी व्हायला किती वेळ लागला ते चिठ्ठीवर लिहायचं, नुसतं काळी किंवा पिवळी असं नाही. ही वेळेची नोंद सरकारी फॉर्मवर मागतच नाहीत आणि मला विचाराल तर या टेस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

आता निकाल ऐका. डेपोच्या वरची बाटली पण काळी झाली! हळूहळू, आमच्या आडासारखी, पण झाली. गावात सगळ्यांची समजूत की डेपो आहे म्हणून पाणी खराब, डेपो हटला की ओढा गंगा. आणि इथे डेपोच्या वर पण विष्ठेचे जंतू. वर बघायला गेलो तर प्लॉटिंगच्या नव्या वस्तीचं सांडपाणी पाइपाने थेट ओढ्यात सोडलेलं आणि पुढे गोठे. आमच्या आबांना हे पटलंच नाही, म्हणाले बाटलीच खोटी आहे. मी म्हटलं आबा बाटली खोटी नाही, पण तिला एवढंच कळतं, कुणाचं पाप ते तिला कळत नाही. डेपो सुटला असं अजिबात नाही, ते पुढे लॅबमध्ये कळलंच, पण नुसती काळी बाटली घेऊन सभेत गेलो असतो तर समोरच्या साहेबाने वरची काळी बाटली दाखवून आपल्यालाच गप्प केलं असतं.

डेपोच्या पाण्यात विष्ठेचे जंतू येतातच कुठून असं एका काकूंनी विचारलं होतं, कचरा तर भाजीपाल्याचा. काकू, डायपर कुठे जातात? सॅनिटरी पॅड? मटणाच्या दुकानातली घाण, मेलेली कुत्री, आणि रात्री गुपचूप रिकामे होणारे मैल्याचे टँकर? वर ढिगावर दिवसभर फिरणारी गाई-कुत्री आणि घारी-बगळे ते वेगळेच. ताज्या कचऱ्याचं पाणी असल्या जंतूंनी भरलेलं असतं. मात्र ढीग जुना झाला की उलटं होतं, आतली उष्णता, आंबलेलं ॲसिड आणि अमोनिया यांनी यातले बरेचसे जंतू मरतात, म्हणजे जुन्या ढिगाचं पाणी दिसायला शाईसारखं काळं असलं तरी त्यात विष्ठेचे जंतू कमी आणि बाकीचं विष जास्त असू शकतं. हे ऐकायला विचित्र वाटतं पण म्हणूनच म्हणते की रंगावर जाऊ नका, ना ओढ्याच्या ना बाटलीच्या. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहिला मोठा पाऊस, ढिगावरचं सगळं ताजं धुऊन एकदम ओढ्यात येतं. तपासणी करायची तर तेव्हा करा, मार्चमध्ये ओढा आटलेला असताना करून काय कळणार, पण आमच्याकडे कॅम्पेन नेमकं मार्च एंडला येतं, फंड संपवायला.

पुण्यातल्या लोकांना उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं सांगायला नको. १९८१ पासून शहराचा कचरा तिथल्या जुन्या दगडखाणींत पडायला लागला, वाढत वाढत डेपो १६३ एकरांचा झाला, विहिरी गेल्या, गावं टँकरवर आली, २०१४-१५ मध्ये लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला कळलं की कचरा जातो कुठे. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला नारेगावच्या डेपोचं तेच झालं. खाणीत कचरा टाकणं कागदावर बरं दिसतं, खड्डा आयता मिळतो, पण आपला दगड बेसॉल्ट, त्याला चिरा, भेगा, सांधे, आणि खाणीत वरची माती-मुरूम आधीच खरवडून काढलेला. मातीतून पाणी झिरपताना थोडं तरी गाळलं जातं, भेगेतून जाताना काय गाळलं जाणार, पाइपातून गेल्यासारखं सरळ कुणाच्यातरी विहिरीत. म्हणूनच आपल्याकडे एक विहीर खराब आणि शेजारची चांगली असं होतं, ज्या भेगेवर विहीर लागली तिचं नशीब. शेजारच्याची बाटली पिवळी आली म्हणून तुम्ही निर्धास्त राहू नका, हा एक मुद्दा तरी माझ्यावर विश्वास ठेवून ऐका.

बाटली काळी आली की ग्रामपंचायत काय करते, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. आमचे भाऊसाहेब तर बाटली पूर्ण काळी व्हायची पण वाट बघत नाहीत, टाका रे टीसीएल. साध्या विहिरीला ते बरोबरच आहे. पण कचऱ्याचं पाणी उतरलेल्या विहिरीत अमोनिया आणि कुजलेला माल इतका असतो की क्लोरीन जंतूंपर्यंत पोचायच्या आधीच त्यात खर्च होऊन जातो. नेहमीच्या मापाने टाकली आणि तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची टेस्ट, केली तर पिवळा रंग येतच नाही. किंवा याहून वाईट, रंग येतो पण तो अमोनियाला चिकटलेल्या क्लोरीनचा असतो, त्याची जंतू मारायची ताकद फारच कमी. शिपाई म्हणतो ताई पिवळं आलं, झालं काम. झालं नाही काम! अशा विहिरीत टीसीएल टाकल्यावर दुसऱ्या दिवशी परत एक बाटली भरून बघा, यासाठी मात्र ही बाटली एक नंबर आहे, स्वस्तात कळतं औषध लागू पडलं की नाही. आमच्या ओढ्याकाठच्या विहिरीची परत काळीच आली, तेव्हापासून ती पिण्यासाठी बंद आहे. टीसीएल पण उघड्या पोत्यातली असेल तर तिचा क्लोरीन उडून जातो आणि राहतो नुसता चुना, ते वेगळं रडगाणं.

आणि ते आरओवाले. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले आणि पाण्याचं नाव आलं, त्यानंतर आमच्या गावात पण पाण्याची भीती बसली आणि भीती बसली की विकणारे येतातच. एक पोरगा आला, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं मीटर बुडवलं, आकडा दाखवला, मग दोन ग्लासांत त्या लोखंडी काड्यांचं मशीन लावलं आणि आमचं पाणी चॉकलेटी करून दाखवलं. बायका ओरडल्याच. अहो तो गाळ काडीच्या लोखंडाचा असतो, पाण्यात क्षार जास्त असले की करंट जास्त जातो आणि काडी जास्त झिजते, एवढंच. त्यात जंतू दिसत नाहीत, विष दिसत नाही, काही दिसत नाही. टीडीएस मीटरला पण जंतू कळत नाहीत, गटाराचं पाणी कमी टीडीएसचं असू शकतं आणि स्वच्छ बोअरचं जास्त. पण, आणि हा मोठा पण आहे, त्याच टीडीएस मीटरचा आम्हाला उपयोग झाला. ओढ्यावर वरपासून खालपर्यंत मीटर बुडवत गेलो तर डेपोचा चर जिथे मिळतो तिथे आकडा एकदम उडी मारतो. कचऱ्याच्या पाण्यात क्लोराइड आणि बाकी क्षार भरपूर असतात म्हणून. म्हणजे बाटली सांगते जंतूंचा संशय आहे, मीटर सांगतं कचऱ्याचं पाणी कुठे मिसळलं, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही मिळून मग काहीतरी चित्र तयार होतं. आरओवाल्या पोराने आमच्याकडून काही पैसे नेले नाहीत, उलट मीटरची आयडिया देऊन गेला बिचारा.

आता लॅब, कारण शेवटी तिथेच जावं लागतं. आधी एका प्रायव्हेट लॅबचा घरी येऊन सॅम्पल नेतो असा प्रकार केला. पोरगा मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, भर दुपारी, स्कूटरच्या डिकीत टाकून गेला. रिपोर्ट चकचकीत, रंगीत, बारकोड वगैरे, आणि त्याला काडीची किंमत नाही. जंतूंच्या सॅम्पलला निर्जंतुक बाटली लागते, पाण्यात क्लोरीन असेल तर तो मारायला आत थायोसल्फेट घातलेलं असतं, बाटली बर्फात ठेवायची आणि होईल तितक्या लवकर, त्याच दिवशी पोचवायची. डिकीत चार तास उन्हात तापलेल्या पाण्यात जंतू वाढले का मेले ते देव जाणे. या सर्व्हिसला मी एक स्टार देते आणि तो पण बारकोडसाठी.

नंतर तालुक्याच्या सरकारी लॅबला गेलो, तिथल्या मॅडमनी स्वतः बाटल्या दिल्या, झाकण कसं धरायचं, आतून बोट कसं लावायचं नाही, बाटली काठोकाठ का भरायची नाही, सगळं उभ्या उभ्या दाखवलं. रिपोर्ट यायला वेळ लागतो कारण जंतू उबवावे लागतात, घाई करून उपयोग नाही. तिथे आम्ही एक शहाणपणा केला, नुसते कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेचा इशारा देणारे जंतू, न मागता सोबत क्लोराइड, अमोनिया आणि नायट्रेट पण मागितलं. निकाल असा की विष्ठेचे जंतू डेपोच्या वर पण आणि खाली पण, क्लोराइड आणि अमोनिया मात्र फक्त खाली वाढलेले. म्हणजे वरून वस्तीचं सांडपाणी आणि मधून डेपोचं पाणी, दोघांनी मिळून ओढ्याची वाट लावली. हा कागद हातात आल्यावर सभेत बोलायचा सूरच बदलला. मॅडमना एक गोष्ट आधीच सांगा की पाणी ओढ्याचं आहे, फार घाण आहे, कारण तसं सांगितलं तर त्या पाणी पातळ करून टेस्ट लावतात, नाहीतर रिपोर्टात नुसतं अमुकपेक्षा जास्त एवढंच येतं आणि वर-खालची तुलनाच करता येत नाही.

प्रमाणाचं बोलायचं तर पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात नियम असा की १०० मिलीमध्ये ई कोलाय एक पण नको. आणि आपली बाटली २० मिलीची. म्हणजे पाचवा हिस्साच पाणी आपण बघतोय, तेव्हा पिवळी राहिली तर पाणी शंभर टक्के पिण्यालायक असं कुणी लिहून देऊ नका, ग्रामसभेत तर नाहीच नाही. नदीत अंघोळीसाठी विष्ठेच्या कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलीला जास्तीत जास्त २५०० आहे, आमच्या ओढ्यात पोरं म्हशी धुतात आणि स्वतः पण डुंबतात, त्यांना कोण सांगणार हा आकडा.

एक गोष्ट वाचून मात्र मी थक्क झाले. घनकचऱ्याचे २०१६ चे नियम होते, त्यात डेपोतून सोडायच्या लिचेटला, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याला, मर्यादा दिल्या होत्या, नदीनाल्यात सोडायचं तर बीओडी ३०, सीओडी २५० (पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याची ही मापं), शिसं, पारा, आर्सेनिक, सायनाइड, फिनॉल सगळं होतं त्या तक्त्यात. जंतूंची ओळच नव्हती. म्हणजे एखाद्या डेपोने लिचेट प्लांट बसवून सगळे आकडे बरोबर आणले असते तरी त्या पाण्यात डायपरमधले जंतू किती उरले ते त्या तक्त्याप्रमाणे कुणी विचारलंच नसतं. मग आपणच विचारायला हवं ना, लेखी, रिपोर्ट जोडून. चाळीस रुपयांच्या बाटलीचा इथे खरा उपयोग आहे, ती लॅबला जायला भाग पाडते. नाहीतर गावात कोण उठून तालुक्याला पाण्याची बाटली घेऊन जातंय, काळं बघितलं तेव्हा कुठे लोक हलले. आमच्या जाऊबाई, ज्या मीटिंगला कधी येत नाहीत, त्या काळी बाटली बघून स्वतः सॅम्पल भरायला ओढ्यात उतरल्या.

ओढ्याच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक करणाऱ्यांनी पण बाटली लावून बघा, मोटारीच्या तोंडाशी. मला माहीत आहे हे बोललं की शिव्या बसतात, आमच्याच घरात बसल्या. पण पालेभाजी लोक कोशिंबिरीत कच्ची खातात, भाजी काढायच्या आदल्या दिवशी वरून ते पाणी मारणं तरी बंद करता येईल, मुळाशी पाणी दिलं आणि शेवटचं पाणी विहिरीचं दिलं तर बराच फरक पडतो.

घेताना काय बघायचं. एक्सपायरी, पहिली गोष्ट. मला एका दुकानदाराने मुदत संपलेला बॉक्स डिस्काउंट म्हणून दिला होता, आतली पट्टी तपकिरी पडलेली, परत केला. झाकणाचं सील शाबूत हवं, पट्टीला बोट लावायचं नाही, भरायच्या आधी बाटली विसळायची तर अजिबात नाही, औषधच धुऊन जाईल, आणि हे मी शाळेतल्या शिक्षकांना करताना पाहिलंय. प्रत्येक खेपेला एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरून बाजूला ठेवा, ती पिवळी राहिली पाहिजे, ती पण काळी झाली तर बॉक्सच खराब किंवा तुमचा हात. थंडीत निकालावर विश्वास ठेवू नका, ३० ते ३७ डिग्री ऊब लागते आणि आमच्याकडे डिसेंबरात घरात तेवढी नसते, पिवळी बाटली बघून लोक खूश होतात आणि जंतू आत नुसते गारठून बसलेले असतात. फ्रिजच्या मागे ठेवा, चुलीपासून हातभर लांब ठेवा, किंवा रुमालात गुंडाळून कणगीत.

व्हायरसचं या बाटलीला काही कळत नाही, कावीळ याच पाण्यातून येते पण तिचा विषाणू बाटली दाखवणार नाही. नायट्रेट नाही, शिसं नाही. पाणी उकळलं तर जंतू मरतात पण कचऱ्याच्या पाण्यातलं नायट्रेट आणि क्षार उलट आटून दाट होतात, तेव्हा डेपोखालच्या विहिरीचं पाणी उकळून लहान बाळाच्या दुधात घालू नका, टँकरचं किंवा नळाचं उकळून घ्या.

आणि वापरलेल्या काळ्या बाटल्या कृपा करून घंटागाडीत टाकू नका, ती गाडी जाते कुठे ते आपल्याला माहीत आहे. आत आपण आपल्या हाताने जंतू पोसून वाढवलेले असतात. झाकण तोंडापासून लांब धरून उघडायचं, आत टीसीएलचं दाट पाणी घालायचं, काळा रंग गेला तरी अर्धा तास तसंच ठेवायचं, मग पाणी संडासात ओतायचं आणि बाटली खड्ड्यात. पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आमच्या पुतण्याने एक काळी बाटली शाई म्हणून दप्तरात घातली होती.